मेंदूमृत्यूची व्याख्या एकच हवी

महोदय,
मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा (१९९४) मेंदूस्तंभ मृत्यू (श्वास चालवणारा मेंदूचा खालचा भाग कायमचा निकामी होणे, म्हणजेच मेंदूमृत्यू) हा मृत्यूच मानतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या (१९६९) व्याख्येत मात्र त्याचा उल्लेख नाही. खरी गोची इथेच आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत. व्हेंटिलेटर थांबवून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला तरी श्वास सुरू होत नाही. यानंतर नातेवाइकांनी अवयवदानाला होकार दिला तर रुग्ण मृत. नकार दिला तर त्याच रुग्णाचा व्हेंटिलेटर काढताना डॉक्टर कचरतात. मग अनेक ठिकाणी तपासणीच टाळली जाते आणि दानाचा प्रश्न विचारलाच जात नाही. कुणाचा मृत्यू नातेवाइकांच्या संमतीवर ठरावा, हे अन्यायाचेच आहे.

केंद्राच्या नुसत्या सूचनेने हे सुटणार नाही. अवयवांच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवण्यासाठीची अधिवासाची (त्याच राज्याचा रहिवासी असण्याची) अट काढा, असे केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना सांगितले. पण आरोग्य हा राज्यांचा विषय, त्यामुळे अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर.

म्हणून दोन्ही कायद्यांत मृत्यूची एकच व्याख्या घाला. दान होवो न होवो, अतिदक्षता विभागात मेंदूमृत्यूची तपासणी व नोंद बंधनकारक करा आणि नकारानंतर व्हेंटिलेटर काढण्याची कार्यपद्धती लेखी द्या.

– एक वाचक