ओव्हलवरचा नाबाद शून्य

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेच्या, म्हणजे ‘ॲशेस’च्या, जन्मावरचा आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख वाचला. ऑगस्ट १८८२, लंडनचं ओव्हल मैदान, जिंकायला ८५ धावा हव्या असताना ७७ वर गारद झालेला इंग्लंड, ऑस्ट्रेलियाच्या स्पॉफर्थचे १४ बळी, सगळं त्यात आलं. इंग्लंडच्या चार्ल्स स्टडची बोळवण मात्र ‘घाबरलेला फलंदाज’ एवढ्यावर झाली. पहिल्या डावात शून्य, दुसऱ्यात एकही चेंडू न खेळता नाबाद शून्य, हे खरंच. पण त्याच मोसमात त्याने याच ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध दोन शतकं ठोकली होती, शिवाय हजार धावा आणि शंभर बळीही पुरे केले होते. अशा खेळाडूला दहाव्या क्रमांकापर्यंत मागे ठेवलं ते कर्णधार हॉर्नबीने. भित्रेपणाचा शिक्का मग स्टडवरच का?

पुढच्याच वर्षी त्याचा भाऊ जॉर्ज मरणाच्या दारात पोचला. त्याच्या उशाशी बसलेल्या स्टडला नाव, पैसा, क्रिकेट सगळंच फोल वाटू लागलं. जॉर्ज वाचला, पण १८८५ मध्ये मिशनरी झालेल्या केंब्रिजच्या ‘सात जणां’पैकी एक म्हणून स्टड चीनला निघून गेला. तेव्हा तो जेमतेम चोविशीचा होता. आजच्या भाषेत सांगायचं तर कारकीर्द भरात असताना त्याने कसोटी क्रिकेट सोडलं, आणि तेही कुठल्या लीगच्या पैशासाठी नव्हे.

वडिलांकडून आलेली इस्टेटही त्याने वाटून टाकली. वडील एडवर्ड स्टड बिहारमधल्या तिरहूतचे निळीचे मळेवाले. तो पैसा कुणाच्या घामाचा, हे चंपारण माहीत असलेल्या वाचकाला वेगळं सांगायला नको. स्टडच्या त्यागाच्या गोष्टी सांगणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबायला हरकत नाही. त्या इस्टेटीतले ५ हजार पौंड फ्रेडरिक बूथ-टकर यांच्या भारतातल्या कामासाठी आले. बूथ-टकर म्हणजे ओव्हलच्या सामन्यानंतर तीनच आठवड्यांनी मुंबईत उतरून मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचं) काम सुरू करणारे गृहस्थ. नगरकरांना ही संस्था बूथ हॉस्पिटलमुळे चांगली ठाऊक आहे. (स्टडचा पैसा त्या इस्पितळाला लागला, असं मात्र मला सुचवायचं नाही.) उरलेली रक्कम त्याने लग्नात बायकोच्या हाती ठेवली. प्रिसिला स्ट्युअर्ट, मूळची आयर्लंडची, स्वतःही चीनमध्ये मिशनरी. तिने तीही ठेवून घेतली नाही. दोघांनी ती मुक्तिफौजेलाच दिली.

चीननंतर १९०० ते १९०६ स्टड उटीच्या चर्चचा पाळक होता. तब्येत खालावलेली, दम्याने बेजार, तरी १९१३ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी तो बेल्जियन काँगोत गेला. मध्ये एकदा इंग्लंडला येऊन १९१६ साली पुन्हा निघाला, तो इंग्लंडला परतलाच नाही. काँगोत तो पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायचा आणि सहकाऱ्यांनीही तसंच राबावं असा हट्ट धरायचा. दुखण्यांवर मॉर्फिन घेऊ लागला. शेवटी मिशनच्या इंग्लंडमधल्या समितीशीही त्याचं बिनसलं. १९३१ मध्ये काँगोतल्याच इबांबीला तो वारला.

आता प्रिसिलाकडे येतो. ती हृदयविकाराने आजारी असतानाच तो काँगोला गेला. तिने अंथरुणातून पत्रव्यवहार सुरू केला, मग उठून गावोगाव हिंडली, पैसा उभा केला, तरुण मिशनरी मिळवून दिले. काँगोतलं काम चाललं ते या बळावर. १९१६ नंतर नवराबायकोची भेट झाली ती थेट १९२८ मध्ये, तीच काँगोला गेली म्हणून, आणि तीही पंधरवडाभरच. पुढच्या वर्षी ती स्पेनमध्ये वारली.

स्टडच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, पण अशा संसाराला ‘त्याचा त्याग’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यातला निम्म्याहून अधिक त्याग तिचा होता. ॲशेसवर पुन्हा लिहाल तेव्हा स्टडबद्दल चार ओळी जास्त लिहा, आणि त्यातल्या दोन प्रिसिलाला द्या, एवढीच विनंती.

आपला,
एक क्रिकेटवेडा वाचक, अहिल्यानगर