यंत्र नको, जिन्याखालची खोली द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
छत्रपती संभाजीनगर

विषय : खतयंत्राचा प्रस्ताव आणि दुरुस्ती-देवघेवीसाठी जागा मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ‘चोवीस तासांत खत’ करणाऱ्या यंत्राची खरेदी आहे. ओला कचरा आवारातच जिरवायचा, हा कार्यकारिणीचा विचार मला पटतो. यंत्र मात्र पटत नाही. अशी बहुतेक यंत्रे हीटरने कचरा वाळवतात आणि त्याचा भुगा करतात. तो भुगा कुंडीत घालून पाणी दिले की पुन्हा कुजायला लागतो, वास सुटतो. खत व्हायला जिवाणूंना दीड-दोन महिने लागतात, त्यांना बटण दाबून घाई करता येत नाही. शिवाय विजेचे बिल दरमहा आपल्याच मेंटेनन्समध्ये येणार.

आपल्याकडे फुटके ड्रम किती पडले आहेत, हे गच्चीवर जाऊन पाहावे. नळाला पाणी येण्याची वाट पाहत राहणाऱ्या या शहरात ड्रम नाही असे घर नाही, आणि तळाला चीर गेली की तो गच्चीवर जातो. त्यालाच बाजूने भोके पाडली की खताचा ड्रम तयार. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर त्याच्या दुपटीने वाळलेला पाला टाकायचा, सुरुवातीला मूठभर जुने खत आणि आठवड्यातून एकदा खालीवर. माळीबुवा आज कडुलिंबाचा पाला ढीग करून जाळतात, तोच इथे लागेल. (उघड्यावर कचरा जाळायला तशीही बंदी आहे.) आपल्या उन्हाळ्यात ड्रम कुजण्याऐवजी सुकतात, हा खरा धोका. म्हणून ते इमारतीच्या उत्तरेला सावलीत ठेवावेत आणि आरओचे वाया जाणारे पाणी शिंपडावे. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, एवढीच ओल हवी.

कचरा आवारात जिरवणे आपल्या अंगावर आलेच आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांना कचरा वेगळा करून ओला शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले. आणि नियम बाजूला ठेवले तरी फेब्रुवारी २०१८ कोण विसरेल? शहराचा कचरा जिथे टाकला जाई, त्या नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, शहरभर ढीग साचले, पुढे गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या तेव्हा प्रकरण दगडफेकीपर्यंत गेले. नारेगावकरांनी वर्षानुवर्षे आपला कचरा सोसला होता. मला तरी त्यांचा राग चुकीचा वाटला नाही.

आता माझी मुख्य मागणी. जिन्याखालची खोली जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्यांनी भरली आहे, ती दुरुस्ती आणि देवघेवीसाठी मोकळी करून द्यावी. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवत असे. पंखा हळू फिरतो म्हणून नवा आणणाऱ्या घरात बहुतेकदा फक्त कंडेन्सर गेलेला असतो. मिक्सरच्या भांड्याचा कपलर (भांडे मोटरला जोडणारा तुकडा) झिजला की अख्खा मिक्सर भंगारात जातो. कूलरचे तर विचारूच नका : बोअरच्या जड पाण्याचे क्षार पंपात बसतात, पंप अडकतो आणि दर मार्चला नवा पंप येतो. तोच पंप उघडून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवला की पुष्कळदा पुन्हा चालतो. महिन्यातून एका रविवारी मी तिथे बसेन. सी विंगमधल्या एक ताई शिलाईचे काम पाहतील. मायक्रोवेव्ह आणि जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही आम्ही उघडणार नाही, त्यांत बंद केल्यावरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. जे दुरुस्त होणार नाही, ते ओळखीच्या भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. भंगारात वायर जाळून तांबे काढतात आणि तो धूर कोणाच्या तरी लेकरांच्या नाकात जातो.

त्याच खोलीत एक रॅक लागेल. जूनमध्ये शाळेची पुस्तके आणि गणवेश, एरवी शिडी, ड्रिल मशीन, मोठी पातेली. वर्षातून दोनदा लागणारी शिडी घरोघरी कशाला हवी? मात्र कोणी काय नेले याची वही हवीच. आपल्याकडे नेलेली वस्तू परत येण्याचा अनुभव काही फार बरा नाही.

गणपतीच्या महाप्रसादाबद्दलही थोडे. स्टीलची ताटे मलाही आवडली असती, पण ती धुवायला पाणी कुठून आणणार? पळसाच्या पत्रावळी आणाव्यात, त्या ड्रममध्ये कुजतात. चकचकीत कागदी प्लेटला आतून प्लास्टिक असते, ती कुजत नाही.

तेव्हा यंत्राचा ठराव या सभेपुरता पुढे ढकलून ड्रम आणि खोली यांचा विषय मतदानाला ठेवावा, ही विनंती. लागणारी अवजारे माझ्याकडे आहेत. सोसायटीने एक चांगला दिवा, दोन प्लगपॉइंट आणि रॅकचा खर्च द्यावा. खोलीची किल्ली वॉचमनकडे आहे. आपण होकार दिलात तर आम्ही चार-पाच घरे येत्या रविवारी सकाळी ती झाडून घेऊ. फायलींपैकी कोणत्या ठेवायच्या, ते सांगायला सचिवांनी तेवढे यावे.

आपला नम्र,
बी विंगमधील एक सभासद