पेन्सिलवाल्या काकांना, कृतज्ञतापूर्वक

काका,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. तुमच्या शर्टावर बिल्ला होता, पण त्या गडबडीत मी तो वाचलाच नाही, याची चुटपुट आजही लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या स्मिथ सेंटर या क्रीडागृहात तुम्ही लोकांना जागा दाखवत होतात आणि मी गोव्यातल्या फोंड्याहून आलेल्या माझ्या बाबांना टेनिस दाखवायला आणलं होतं.

वॉशिंग्टन कॅसल्स हा अमेरिकेतल्या वर्ल्ड टीमटेनिस या सांघिक स्पर्धेतला संघ, बाबांच्या लेखी मात्र लिअँडर पेसचा संघ. तो त्यांच्याकडून कितीतरी उन्हाळे खेळला आणि त्याचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, म्हणजे घरचाच मुलगा. हा संघ २०११ आणि २०१२ मध्ये एकही सामना हरला नाही, २०१५ पर्यंत सलग पाच वेळा विजेता ठरला, हे बाबा शेजाऱ्यांना ऐकवायचे. आम्ही गेलो नेमके त्या वर्षी, ज्या वर्षी त्यांना अंतिम फेरीसुद्धा गाठता आली नाही.

सामन्याआधीचा एक तास मात्र मी विसरणार नाही. तिकिटं विकणाऱ्यांनी फोनवर सांगितलं होतं की पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. तिथे गेल्यावर या खिडकीवरून त्या खिडकीवर. बाबांचा गुडघा धरला होता, कानातलं यंत्र गोंगाटात निकामी झालं होतं. आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून विचारायचा, "यांना बसायचंय का? यांना पाणी हवंय का?" सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस समोर उभा आहे आणि कोणी त्याच्याकडे बघायलाच तयार नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं.

तुम्ही आलात, बाबांच्या कोपराला आधार दिलात आणि खालच्या रांगेत नेऊन बसवलंत. तेवढ्यावरही मी जन्मभर ऋणी राहिले असते. पण थोड्या वेळाने तुमच्या लक्षात आलं, बाबांना खेळ दिसतोय, हिशेब कळत नाहीये. कळणार कसा? आधी पाच गेम जिंकेल त्याचा सेट, गेममध्ये तीन-तीन गुण झाले की पुढच्या एकाच गुणावर निकाल, पुरुष, महिला, मिश्र अशा पाचही सेटमधल्या सगळ्या गेमची बेरीज, आणि वर कानठळ्या बसवणारं संगीत. तुम्ही खिशातून पेन्सिल काढलीत, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच चौकोन आखलेत आणि तो पुठ्ठा माझ्या नाही, बाबांच्या हातात दिलात. दर सेट संपला की येऊन, वाकून, त्यांच्या डोळ्यांत बघून आकडा लिहायचात.

संघ मागे पडत गेला तशा खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. पाच वर्षं विजयाच्या मिरवणुकीत नाचलेल्यांना एक पडता मोसम सोसवला नाही. आपल्याकडेही हेच. जिंकणाऱ्याच्या मागे सगळं गाव असतं. तुम्हाला मात्र त्या रिकाम्या रांगांतही बाबांचा चौथा चौकोन भरायची घाई होती. माणसाला माणूस म्हणून वागवायला कुठलं प्रशिक्षण लागत नाही काका, पण ते इतकं दुर्मीळ का झालंय, कळत नाही.

बाबा आता फोंड्यालाच असतात, ऐकू जवळजवळ येत नाही. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते शेजारच्या पोराला तोच पुठ्ठा दाखवून हे टेनिस समजावत होते. शेवटच्या बेरजेत तुम्ही कॅसल्सच्या नावावर एक गेम जास्त धरला होता. बाबांनी तुमच्याच पेन्सिलीने तो आकडा खोडून बरोबर केला होता आणि तुम्ही हसून टोपीला हात लावला होतात. खोडलेला आकडा अजून दिसतो. "त्यांना कळव," बाबा म्हणाले, "बेरीज चुकली होती, पण चौकोन अगदी सरळ आखले होते."

तुमची,
त्या गणिताच्या मास्तरांची मुलगी