सातव्या महिन्यातला ब्रेक

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "हल्लीच्या पोरांना कंपनीबद्दल काही वाटतच नाही. आज इथे, उद्या तिथे." मी नुसतं "हं" म्हटलं, कारण इकडे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. पण ते मला पटलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्ही ज्या गेटातून ट्रेनी म्हणून आत गेलात त्याच गेटातून हार घालून बाहेर आलात. पण त्या कंपनीनं तुम्हाला कसं वागवलं तेही आठवा ना. ठरल्या मुदतीला युनियनशी करार व्हायचा. कॅन्टीनमध्ये साहेबांच्या आणि तुमच्या ताटात एकच भाजी. आईचं ऑपरेशन निघालं तेव्हा पतपेढीनं लगेच कर्ज दिलं आणि सुपरवायझरनं न मागता तुमची रात्रपाळी बदलली. आई अजून त्यांचं नाव काढते. असं असल्यावर माणूस कशाला जाईल दुसरीकडे?

आता इथे एचआरमध्ये माझ्या टेबलावरून काय दिसतं ते सांगते. चाकणला आमच्या कारखान्यात मशिनवर निम्म्याहून जास्त पोरं ठेकेदाराची. परभणी, हिंगोली, यवतमाळकडची, बरीचशी आयटीआय झालेली. एका खोलीत पाच-सहा जण; पहिल्या पाळीवाला उठला की त्याच गादीवर रात्रपाळीवाला आडवा होतो. मशिन तेच, काम तेच, पगार मात्र पर्मनंटवाल्याच्या निम्माही नाही. शर्टाचा रंगसुद्धा वेगळा, म्हणजे कोण कोणाचा हे लांबूनच कळावं. कंपनीची बस पर्मनंटसाठी. ही पोरं हायवेवरून सहा आसनीत कोंबून येतात.

आणि सातव्या महिन्यात ब्रेक, म्हणजे नोकरीत मुद्दाम पाडलेला खंड. २४० दिवसांचा हिशोब तुम्हाला सांगायला नको. सलग तेवढे दिवस भरले की पोरगा कायम होण्याचा हक्क सांगेल, म्हणून त्याआधीच ठेकेदार त्याचं नाव कमी करतो आणि पुढे वाटलं तर दुसऱ्या ठेकेदाराच्या यादीतून परत घेतो. या याद्या माझ्याच टेबलावरून जातात. नुसत्या आवाजावरून मशिनचं टूल झिजलंय हे ज्याला कळायला लागलं होतं, नेमका तोच बाहेर पडतो. नव्याला शिकवेपर्यंत रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढतं, मीटिंगमध्ये क्वालिटीवाले ओरडतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "पोरांत कमिटमेंट नाही." सहा महिन्यांच्या माणसाकडून तीस वर्षांची निष्ठा मागायची! मला तर अशा वेळी वहीत चित्रं काढत बसावंसं वाटतं.

हा घोळ नवा नाही. १९१३ साली डेट्रॉइटजवळच्या फोर्डच्या कारखान्यातून माणसं इतकी सोडून जात, की सुमारे १४ हजारांचा ताफा टिकवायला वर्षात ५० हजारांवर भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये हेन्री फोर्डनं मजुरी जवळजवळ दुप्पट करून दिवसाला पाच डॉलर केली आणि पाळी नऊ तासांवरून आठवर आणली. गळती झपाट्यानं कमी झाली. फोर्ड काही संत नव्हता. कामगार दारू पितो का, घर नीट ठेवतो का, हे बघायला कंपनीचे निरीक्षक घरोघर जात आणि त्यावर ती वाढ मिळायची. (आईकडे असा निरीक्षक आला असता तर तिनं आधी त्याच्या हातात केरसुणी दिली असती.) पण माणूस टिकवणं स्वस्त पडतं, एवढं त्या गृहस्थाला नक्की कळलं होतं.

मला मात्र पैशापेक्षा प्रेस शॉपची, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशिनांच्या विभागाची, काळजी जास्त वाटते. हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यात 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांना मदत करते. तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं तेच दिसतं. पॉवर प्रेसखाली बोटं जातात, हात मध्ये आला की मशिन थांबवणारा सेन्सर बऱ्याच मशिनना नसतो, आणि पहिल्या दिवशी मिळायला हवं ते ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड अनेकांच्या हाती अपघातानंतर पडतं. आमच्याकडे कार्डं वेळेवर निघतात, ते मी स्वतः बघते. पण सेन्सर बिघडला असेल तर "मी मशिन चालवणार नाही" असं ठेकेदाराचा पोरगा म्हणेल का? उद्या गेटवर त्याचं नाव नसेल. तुम्ही म्हणू शकत होतात, आणि एकदा म्हणालाही होतात.

तुम्ही म्हणता, आमचा मालक चांगला होता. असेलही. पण ते सुपरवायझर निवृत्त झाले तरी करार राहिला, कारण तो लेखी होता. मुंबईच्या गिरण्यांत १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली, तीही कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी कामगार उभे केल्यावरच. युनियनच्या माणसाला हे मी काय सांगणार!

आता कामाचं. मी वरती एक प्रस्ताव देते आहे: बस आणि कॅन्टीन सगळ्यांना एक, आणि प्रेस शॉपवरच्या पोरांना ब्रेक नाही. पहिलं बहुतेक होईल, दुसऱ्याला फायनान्सवाले आडवे येतील. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या कराराची पुस्तिका असेल. सेफ्टी कमिटीत कामगार कोण आणि मशिन थांबवायचा अधिकार कोणाला, ती पानं फोटो काढून पाठवा. आई, पेटी तू उतरवू नकोस, कंबर सांभाळ. आणि बाबा, पेन्शनचा हयातीचा दाखला या वेळी मुदतीआधी द्या, शेवटच्या दिवशी धावपळ नको.

तुमची,
मनू