सोप्याचं दार दिवसभर उघडं राहू दे

पुणे, २२ मे

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "आता दिवसासुद्धा आतून कडी घालूनच बसतो." साताऱ्यात, आपल्या पेठेत, घरफोडीच्या गोष्टी कानावर आल्यावर असं वाटणं साहजिक आहे. तरी सोप्याचं, म्हणजे घराचं पुढचं दार दिवसभर लावून बसणं मला पटत नाही. का पटत नाही आणि त्याऐवजी काय करायचं, ते मापांसकट लिहिते. मृग लागायला पंधराच दिवस राहिलेत. सुताराचं आणि वेल्डरचं काम त्याआधी उरकायला हवं.

सातारा म्हणजे जिल्ह्याचं गाव. कोर्टाची तारीख, जिल्हा परिषदेतली खेप, सिव्हिलमध्ये ठेवलेला पेशंट, सैनिक स्कूलची परीक्षा, काहीतरी निमित्त निघायचं आणि जावळी-पाटणकडचा पाहुणा न सांगता दारात उभा राहायचा. हातात घेवड्याची नाहीतर नाचणीची पिशवी, पायरीखाली चपला, आणि "वहिनी, चहा टाका" म्हणत माणूस थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. दार सताड उघडं असायचं, पण घर वाऱ्यावर सोडलेलं नसायचं. समोरच्या ओसरीवर कुणीतरी भाजी निवडत बसलेलं असे, बोळाच्या तोंडाशी गिरणीवर चार बायका असत, आणि अनोळखी माणसाला आपल्या दारात पोचेपर्यंत तीनदा "कुणाकडं जायचंय?" याचं उत्तर द्यावं लागे. पहारा तो होता. रात्री वाड्याच्या दाराला आतून अडसर पडायचा. भिंतीतल्या खोबणीतून सरकणारा तो वासा बाहेरून उचकटायला कुठे फटच नसायची.

आता वाडे पडून अपार्टमेंट उठल्या, पोरं पुण्या-मुंबईला गेली, ओसरीवर बसणारं माणूस उरलं नाही. दार तेच आहे, विचारणारं कुणी नाही. त्यात आपणही दार लावून घेतलं, तर गल्लीला उरलेसुरले डोळेही मिटतात. आणि मला चोरापेक्षा जास्त काळजी दुसरीच आहे. बंद दाराआड तुमच्यापैकी कुणी पाय घसरून पडलं, तर शेजारी संध्याकाळपर्यंत कळायचं नाही.

म्हणून पहिला खर्च जाळीच्या दाराचा. लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचं दार बसलं, की लाकडी दार सकाळपासून दिवेलागणीपर्यंत उघडं ठेवता येईल. आलेलं माणूस दिसेल, त्याच्याशी बोलता येईल, वारा येईल, आणि जाळी उघडायची का नाही ते तुम्ही ठरवाल. कॅमेरा, सेन्सर, बाकी सगळं याच्या नंतर.

वेल्डरला सांगताना मोघम सांगू नका. चौकट २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची, आत उभे गज १२ मिलिमीटरचे, दोन गजांत तीन इंचांपेक्षा जास्त अंतर नको. आडव्या नक्षीची हौस नको, आडव्या पट्ट्यांवर पाय देऊन वर चढता येतं. सगळ्यात जास्त चूक होते ती कडीपाशी. तीन इंचांच्या फटीतून हात कोपरापर्यंत आत येतो आणि आतली कडी आरामात सरकवतो. त्यामुळे कुलपाभोवती चारी बाजूंनी निदान दीड फूट पत्रा किंवा बारीक भोकांची जाळी वेल्ड करून घ्यायची, टाचलेली नको. उरलेल्या भागाला आतून स्टीलची मच्छरजाळी लावली तर दुहेरी काम होईल. दार बाहेर उघडणार, म्हणजे बिजागऱ्या बाहेर येणार. त्यांच्या खिळ्यांची टोकं वेल्डने बंद केली नाहीत, तर खिळे ठोकून काढून अख्खं दार बाजूला ठेवता येतं.

खालचा आडवा पाइप उंबऱ्याच्या वर येऊ देऊ नका. बाबा, तुमचा डावा पाय जेमतेम उचलला जातो, एवढ्याशा उंचवट्यालाही तो अडेल. दार जमिनीपासून अर्धा इंच वर राहू दे. आणि आईच्या छातीच्या उंचीला आठ इंच रुंद, सहा इंच उंच अशी एक झडप ठेवा, आतून खिट्टी असलेली. टपाल, दुधाची पिशवी, औषधं, सगळं त्यातून घेता येईल. रंगाच्या आधी रेड ऑक्साइडचा हात मारलाय का, हे स्वतः पाहा. साताऱ्याच्या पावसात नुसत्या ऑइलपेंटखालचं लोखंड दोन वर्षांत पापुद्रे सोडतं, आणि ते आधी वेल्डच्या सांध्यांत सोडतं.

आता लाकडी दार. पेपरात बातमी येते तिचे शब्द ठरलेले असतात, "बंद घराचा कडी-कोयंडा उचकटून". त्यातच सगळं आलं. कुलूप कुणी तोडत बसत नाही. सात लिव्हरचं जड पितळी कुलूप लटकत राहतं आणि कोयंडा कटावणीच्या एका हिसक्याला निघतो, कारण तो पाऊण इंची स्क्रूंवर उभा असतो आणि जुन्या लाकडात त्या स्क्रूंची पकड गेलेली असते. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप घरात कुणी नाही हेही सांगतं. आल्ड्रॉप, म्हणजे बाहेरून कुलूप अडकवायची ती आडवी सरकती कडी, ठेवायचाच असेल, तर स्क्रू काढून त्या जागी आरपार नट-बोल्ट घाला, नट आतल्या बाजूला, खाली रुंद वायसर.

पण मला तिथे आल्ड्रॉपच नको. आपलं दार दोन झडपांचं आहे, जाडीतून कोरून बसवायचं मॉर्टिस कुलूप त्याला नीट बसत नाही. आतल्या अंगाला वरून बसणारं, उभ्या खिळ्यांचं कुलूप घ्या. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्टिबोल्ट म्हटलं की कळेल. त्याचे खिळे समोरच्या झडपेवरच्या कड्यांतून वरून खाली उतरतात, त्यामुळे दोन झडपा कटावणीने फाकवल्या तरी सुटत नाहीत. आतून फिरवायची मूठ आणि बाहेरून किल्ली, असाच प्रकार मागा. आतूनही किल्ली लागणारा नको. आग लागली आणि किल्ली हाताशी नसली, तर तेच कुलूप तुम्हाला आत कोंडेल. आणि ओढलं की आपोआप लागणारं नाइट लॅचही नको. आई तुळशीला पाणी घालायला बाहेर, वाऱ्याने दार लागलेलं, गॅसवर दूध, हे होतंच.

समोरची झडप पक्की नसेल तर या कुलपाला अर्थ नाही. तिला वर आणि खाली बारा-बारा इंची टॉवर बोल्ट, म्हणजे उभ्या सरकत्या कड्या हव्यात. खालचा बोल्ट कुणी लावत नाही, कारण उंबऱ्यातलं भोक मातीने बुजलेलं असतं. ते इंचभर खोल करून आत पितळी नळी बसवून घ्या, म्हणजे केरसुणीच्या टोकाने साफ होईल. सगळे स्क्रू दोन इंची, आधी गिरमिटाने भोक पाडून आणि साबण लावून. सागवानात भोक न पाडता पिळलं तर स्क्रूचं डोकं तरी तुटतं, नाहीतर चौकट तरी चिरते.

सुताराला दोन झडपांत तीन मिलिमीटर फट ठेवायला सांगा. आत्ता मेमध्ये लाकूड वाळून आकसलेलं आहे. आज घट्ट बसवलेलं दार आषाढात फुगेल, खिळे कड्यांत उतरायचे नाहीत, आणि मग बाबा, तुम्ही कानस घेऊन कड्या मोठ्या करत बसाल. पुढे थंडीत त्याच कड्यांत कुलूप खुळखुळेल. किल्ली जड जायला लागली तर खोबरेल तेल अजिबात सोडू नका. ते साताऱ्याच्या थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. शिसपेन्सिलचं शिसं कुटून त्याची पूड किल्लीला लावून दोनदा फिरवली की पुरे.

आता मुद्दाम सांगते ते तुम्हाला उलटं वाटेल. रात्री या कुलपावर आणखी कडी किंवा साखळी घालू नका. बाहेरच्या किल्लीने दार उघडता येणं हाच तुमचा जीव वाचवायचा रस्ता आहे. वरची कडी घातली की ती किल्ली निकामी झाली, मग दार फोडायला माणूस शोधा. जाळीच्या दारालाही असंच, आतून मूठ आणि बाहेरून किल्ली असलेलं कुलूप पेटीत बसवून घ्या. दोन्ही किल्ल्यांचा एक जोड शेजारच्या काकूंकडे, एक माझ्याकडे. चौकटीवर, मीटरच्या पेटीत, चपलांच्या स्टँडखाली, तुळशी वृंदावनाच्या कोनाड्यात किल्ली ठेवायची सवय मात्र आजपासून बंद. चोरही तिथूनच सुरुवात करतो.

११ डिसेंबर १९६७ची पहाट तुम्हा दोघांनाही आठवत असेल. कोयनेच्या भूकंपात लोक अंथरुणातून उठून जसे होते तसे बाहेर पळाले. तिकडे अजून अधूनमधून धक्के बसतात. अंधारात, चष्म्याशिवाय, एका हाताने तीन सेकंदांत उघडत नाही ते दार माझ्या हिशेबी सुरक्षित नाही. याच कारणाने न्हाणीघराची आतली कडी काढून टाका आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी खिट्टी बसवा. पडायची खरी जागा तीच.

बोटाच्या ठशावर उघडणारं कुलूप पाठवू का, असं धाकटा विचारत होता. मी नको म्हटलं. आईचा अंगठा रेशनच्या दुकानात उठत नाही, तिथे घराच्या दारावर काय उठणार? शिवाय त्याचे सेल संपत आले की ते आधी सूचना देतं, आणि ती पिपी तुम्हाला ऐकू येईलच असं नाही.

आता येणाऱ्या माणसांबद्दल. ओळखीचा माणूस पाच मिनिटं जाळीबाहेर उभा राहिला तर रागावणार नाही, हे आई, तू मनात पक्कं कर. अनोळखी माणसाला पाणी नाही म्हणायला तुला जड जातं, आणि ते जड जावंच. पाणी जरूर दे, जाळीतल्या त्या छोट्या झडपेतून दे. तांब्या-भांडं आणायला तू आत वळलीस की दुसऱ्याने सोप्यात शिरायचं, ही जुनी रीत आहे, आणि म्हणूनच अशी माणसं जोडीने येतात.

भांडी चकाचक करून दाखवत "पाटल्याही उजळून देतो" म्हणणारे कितीही गोड बोलले तरी जाळी उघडायची नाही. त्यांच्या भांड्यातलं पाणी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं असतं. त्यात सोनं विरघळतं. पाटली झळझळीत होऊन परत येते, पण वजनात कमी. दुसरा प्रकार म्हणजे दागिने हळदीच्या पाण्यात घालून कुकरला लावायला सांगतात, "दहा मिनिटांनी उघडा" म्हणतात, आणि दहा मिनिटांनी कुकरात नुसतं पिवळं पाणी.

बाबा, तुम्ही फिरायला जाता तिकडचं. "पुढे लफडं झालंय, आम्ही पोलीस आहोत, अंगठी-चेन काढून रुमालात बांधा," असं कुणी म्हणालं तर तो पोलीस नाही. खरा पोलीस कुणाचे दागिने रुमालात बांधून देत नाही. थांबू नका, जवळच्या दुकानात शिरा आणि ११२ लावा.

मीटर, गॅस, केबल, पाणी यांपैकी कशाचंही नाव सांगून कुणी आलं तर गळ्यातलं ओळखपत्र हा पुरावा धरू नका, ते झेरॉक्सच्या दुकानात बनतं. फोन करून विचारायचं, आणि नंबर त्याने दिलेला घ्यायचा नाही. गॅसच्या पुस्तकावर एजन्सीचा आहे, महावितरणचा १९१२. खरा माणूस तेवढा वेळ उभा राहतो. आपला मीटर बाहेरच्या भिंतीला आहे, रीडिंगला आत यायचं कुणाला कारणच नाही. गॅसचा वास आला तर मात्र १९०६ लावून तुम्ही बाहेर पडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. हे सगळे नंबर मोठ्या अक्षरात कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.

परसदाराकडे आपलं सगळ्यांचंच दुर्लक्ष आहे. पुढे एवढं सगळं करून मागे ॲल्युमिनियमचं पातळ दार ठेवलं तर चोर पुढे येईलच कशाला? तिथे पत्रा मारलेलं लोखंडी दार आणि वर एक सेन्सरचा दिवा, ९ वॅटचा, आठ फुटांवर. सेन्सर समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं माणूस लवकर पकडतो, म्हणून तो वाटेच्या तोंडाला न लावता बाजूच्या भिंतीला लावा. उन्हाकडे किंवा हलणाऱ्या फांदीकडे तोंड नको, विनाकारण रात्रभर पेटत राहील.

कॅमेरा घ्यायचाच असेल तर एकच, सोप्याच्या वळचणीखाली, साडेसात फुटांवर. लोक तो गच्चीच्या कठड्याला लावतात आणि मग त्यात नुसत्या टोप्या आणि टक्कल दिसतं. समोरच्यांचं अंगण त्यात येऊ देऊ नका. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, वीज गेली की कॅमेरा आंधळा होतो आणि आपल्याकडे वीज नेमकी पावसाळी रात्री जाते.

आईच्या पाटल्या-बांगड्या लॉकरमध्ये ठेवा, लॉकर दोघांच्या नावे असू दे. एक लक्षात असू द्या, बँकेत चोरी किंवा आग झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच असते. दागिन्यांचे फोटो आणि पावत्या घरच्या कपाटात न ठेवता मला पाठवा.

गावी गेलात आणि परत आल्यावर दार फोडलेलं दिसलं, तर आत पाऊल टाकू नका. चोर आत असू शकतो, आणि कपाटाला हात लावला तर ठसे पुसतात. बाहेरूनच ११२.

बाबा, रविवारपर्यंत मला एवढी मापं पाठवा: लाकडी चौकटीची बाहेरून उंची आणि रुंदी, दोन्ही वरच्या आणि खालच्या टोकाला, कारण जुनी चौकट काटकोनात नसते. एका झडपेची जाडी पट्टीने, नक्षी सोडून. उंबऱ्याची उंची. आणि आई अनवाणी उभी राहिली की तिचा खांदा जमिनीपासून किती इंचांवर येतो, तेही. कुलपाची मूठ त्याच्या बेताने बसवायची आहे.

तुमची लेक