खुल्या सरकारी सॉफ्टवेअरसोबत माहितीची फाइल सक्तीची करा

महोदय,

मी एका नगरपरिषदेत संगणक अभियंता आहे. नागरिकांच्या तक्रारींसाठी सॉफ्टवेअर हवे म्हटले की आमच्याकडे थेट निविदा निघते. शेजारच्या पालिकेने तेच आधी करून घेतले असेल, त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, सर्वांसाठी खुलाही असेल. पण ते कळायला मार्गच नाही. अलीकडे एका सरकारी कार्यालयाने खुला केलेला कोड मी उघडून पाहिला. स्क्रीनशॉट होते, इन्स्टॉल कसे करायचे तेही होते. कोड कोणत्या अटींवर वापरता येईल हे सांगणारा परवाना कोणता, याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. परवानाच नसेल तर कोड समोर दिसत असूनही कायद्याने वापरता येत नाही. देखभाल कोण करते, मराठी चालते का, हेही कळेना. शेवटी नाद सोडला.

इटलीत डिजिटल प्रशासन संहिता या कायद्याच्या कलम ६९ नुसार सरकारी संस्थांना आपल्या मालकीचे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याखाली इतर सरकारी संस्थांना द्यावे लागते. सोबत ‘पब्लिककोड डॉट वायएमएल’ ही छोटी फाइल ठेवावी, असे २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नाव, परवाना, काम बीटा म्हणजे चाचणीच्या टप्प्यात आहे, स्थिर आहे की कालबाह्य, कोणत्या भाषांत चालते, हे सारे तिथे संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक रकान्यांत असते. त्यामुळे देशभरच्या सॉफ्टवेअरची यादी आपोआप तयार होते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो देखभालीचा रकाना. कार्यालय स्वतः करते, कंत्राटावर दिली आहे, समुदाय पाहतो की कुणीच नाही, हे लिहावेच लागते. कंत्राट असेल तर कंत्राटदाराचे नाव आणि मुदत संपण्याची तारीखही. ऐन मार्चच्या करवसुलीत प्रणाली अडली आणि तेव्हा कंत्राट संपल्याचे समजले, तर काय हाल होतात ते पालिकेत काम करणाऱ्यालाच ठाऊक!

सरकारी ॲप्लिकेशनचा कोड खुला करण्याचे धोरण केंद्राने २०१५ मध्येच आणले. कोड ठेवायला ओपनफोर्ज हे केंद्राचे संकेतस्थळही आहे. आता राज्याच्या नगरविकास आणि माहिती तंत्रज्ञान विभागांनी निविदेतच अट घालावी : ही फाइल पूर्ण भरल्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघणार नाही. माहिती हाताशी असेल तर हे अर्ध्या तासाचे काम आहे. भाषेच्या रकान्यात मराठी आहे का, हे तर सर्वांत आधी तपासावे; आमच्या खिडकीवर येणारी माणसे पावती मराठीतच मागतात.

– एक संगणक अभियंता, सातारा जिल्हा