सूचना : शाळा विकास आराखड्यातील तंत्रज्ञानाच्या भागाबाबत

शाळा व्यवस्थापन समितीच्या सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा तयार करणे ही आपल्या समितीची जबाबदारी असून, त्यातील तंत्रज्ञानाच्या भागावर येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यानंतर चौथीच्या वर्गात चर्चा होईल.

आधी वस्तू घ्यायची आणि मग तिचा उपयोग शोधायचा, ही चूक आपण एकदा केलेली आहे. लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर आजही कपाटात आहे, कारण त्या वर्गात चालू स्थितीतला प्लग पॉइंट नाही आणि खिडक्यांना पडदे नाहीत. म्हणून या वेळी कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयासाठी, आठवड्यातून किती तास साधन लागेल हे शिक्षकांकडून लेखी घेऊनच यादी करावी. सोलापूरचा उन्हाळा, धूळ आणि भारनियमन लक्षात घेता इन्व्हर्टर, वायरिंग, दुरुस्ती व इंटरनेटचे मासिक बिल यांची तरतूद खरेदीइतकीच आवश्यक आहे.

महागड्या साधनांवाचूनही बरेच काही होते. आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. बालभारतीच्या पुस्तकांतील असे कोड किती पालकांच्या मोबाइलवर उघडतात, याची वर्गवार नोंद वर्गशिक्षकांनी सोबत आणावी.

माता पालक सदस्यांनी आवर्जून यावे. घरातला मोबाइल मुलांच्या हाती किती वेळ असतो, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

— सचिव, शाळा व्यवस्थापन समिती